स्वयंपूर्ण खेडे आणि स्वावलंबी वस्ती
(ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेच्या चालकांनी मला जो विषय दिला, तो ऐकून माझ्या मनात प्रथम एक शंका आली. ती आपल्यापाशी प्रांजळपणे सांगून मगच पुढे जातो. विषय आहे, आपली वस्ती स्वावलंबी कशी करावी. पावसाचे पाणी अडवावे, कचरा घरच्या घरी जिरवावा, वस्तू जपून वापरावी, संकटात शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या उपयोगी पडावे आणि अशा रीतीने वस्तीने आपल्या पायावर उभे राहावे, असा त्याचा आशय आहे. बोल चांगले आहेत. परंतु गावाच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे आपल्या वाडवडिलांच्या कानांवर यापूर्वीही पडलेले आहेत, आणि त्यांची आठवण आपल्याला गोड वाटावी अशी नाही.

हिंदुस्थानातील खेडे स्वयंपूर्ण होते, असे मोठमोठ्या विद्वानांनी लिहून ठेवले. इंग्रज अंमलदारांनी लिहिले, आपल्याकडील देशभक्तांनीही लिहिले. होते, हे खरे. पण ते कोणाच्या जिवावर? गावाच्या सीमेचा वाद निघाला की साक्ष द्यावयास महार, सरकारी थैली पोचवावयास महार, मेलेले जनावर ओढावयास महार, मर्तिकाचा सांगावा घेऊन ऊन-पावसात परगावी धावावयास महार. आणि या सर्वांचा मोबदला काय, तर तुटपुंज्या वतनी जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार हिंडून मागितलेली भाकर. गावाला बाहेरून काही आणावे लागत नव्हते, कारण गावकुसाबाहेरच्या माणसाचे श्रम फुकट मिळत होते. हिशेबाच्या वहीत एक रकाना कायमचा कोरा ठेवला म्हणजे कोणताही जमाखर्च स्वयंपूर्ण दिसतो.

बाबासाहेबांनी तो कोरा रकाना प्रथम भरून दाखविला. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९३२ साली ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना, अशा खेड्याच्या हाती आमचे हक्क सोपवू नका, असे त्यांनी बजावले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना, खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर आहे, अशा अर्थाचे उद्गार काढून पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. राज्यघटनेचा पाया त्यांनी गाव न मानता व्यक्ती मानली. पुढे मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा केला, तेव्हा ही वेठ कागदोपत्री संपली.

तेव्हा, स्वावलंबनाच्या नावाखाली कोणी आपल्याला त्या खेड्याकडे परत नेऊ पाहत असेल तर त्याला नम्रपणे नकार द्यावयास हवा. माझे म्हणणे मात्र असे की, नकार देऊन थांबून चालणार नाही. कारण ज्या शहरात आपण आलो ते शहरही तसलीच कोरी वही घेऊन बसलेले आहे.

१८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली आणि तिच्या मागोमाग आपले लोकही आले. कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, कोणी अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात. गावकुसाची भिंत मागे राहिली, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण आज कल्याणच्या नळाला जे पाणी येते ते कोठून येते, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? ते उल्हास नदीचे पाणी. उन्हाळ्यात उल्हास वाहते ती मुख्यतः दोन आधारांवर. एक, मावळातील आंध्र धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहात वीज निर्माण करून खाली नदीत सुटते ते. आणि दुसरा, बारवी धरण. त्या बारवीची उंची वाढविण्यासाठी मुरबाड तालुक्यातील गावे व पाडे पाण्याखाली गेले. तिकडे शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे उभी राहून मुंबईची तहान भागवितात, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार आणि ठाणे महापालिकेची १८ लाख ४१ हजार भरली. आता ती त्याहून पुष्कळ अधिक आहे. इतक्या माणसांचे पाणी दुरून येते, कचरा दुसऱ्याच्या हाताने दूर जातो, आणि मधल्या मध्ये आपण नागरिक म्हणवून घेतो.

हे परावलंबन एरवी दिसत नाही. पाऊस ते उघडे करतो. २६ जुलै २००५ रोजी उल्हास पात्राबाहेर आली तेव्हा बदलापूरपासून कल्याणपर्यंत सखल भागात कोणाची काय दशा झाली, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, त्यावेळी सुमारे हजारभर प्रवासी गाडीत होते. सरकारी पथके, नौदल सर्व काही आले व सर्वजण सुखरूप बाहेर निघाले. पण नावा येण्याआधी धीर द्यावयास पोचले ते आसपासचे गावकरी. पहिल्या काही तासांत शेजारी हेच सरकार असते. म्हणून वस्तीची बांधणी हवी, यात मला शंका नाही. शंका आहे ती एवढ्याचीच की, त्या बांधणीत पुन्हा कोणाचा रकाना कोरा राहणार.

याचे उत्तर शोधण्यासाठी दोन घटना आपल्यापुढे ठेवतो. दोन्ही आपल्याच परिसरातील आहेत. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत नेतिवली भागात एक विहीर साफ करण्यास एक कामगार उतरला. तो वर आला नाही. त्याच्या शोधार्थ उतरलेले दोघे वर आले नाहीत. त्यांना काढण्यासाठी उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही गेले. तळाशी विषारी वायू साचला होता. दुसरी घटना मे २०१९ मधील. ठाण्यात ढोकाळी येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. संकुल चांगले, राहणारे सुशिक्षित, सांडपाण्यावर जागच्या जागी प्रक्रिया करण्याची व्यवस्थाही होती. बाहेरून पाहणाऱ्याने त्या संकुलाला स्वावलंबी म्हटले असते.

२०१३ च्या कायद्याने गटारात व मैल्याच्या टाकीत, संरक्षणाची साधने न देता, माणसाला उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचे आदेश दिले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांपर्यंत वाढविली. वकील म्हणून मला हे निवाडे महत्त्वाचे वाटतात; पण ते सर्व माणूस मेल्यानंतरचे आहेत. टाकी साफ करावयास माणूस बोलावताना सोसायटीचा चिटणीस प्रथम त्याची मजुरी किती, एवढेच विचारतो. आपल्यापैकी जे आता स्वतःच्या सदनिकेत राहावयास गेले आहेत, जे सोसायट्यांच्या समित्यांवर बसतात, त्यांना माझी विनंती आहे: त्या बैठकीत यंत्राचा आग्रह आपण धरा. तेथे आपण गप्प राहिलो, तर गावकुसाच्या आतल्या माणसात आणि आपल्यात फरक तो काय राहिला? विहीर असो, टाकी असो, आपल्या वस्तीतील मुलांनाही तीत उतरू देऊ नका. पाणी शुद्ध करावयाचे ते वरून टी.सी.एल. पावडर योग्य प्रमाणात घालून, आणि गाळ काढावयाचा तो यंत्राने.

आता कचऱ्याकडे वळतो. कल्याणच्या आधारवाडीचा डोंगर आपण सर्वांनी पाहिला आहे. तो पेटला म्हणजे धूर कोणाच्या घरात शिरत असे, हेही ठाऊक आहे. एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने या महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. कारण हेच, की कचऱ्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था झालेली नव्हती. पुढच्या वर्षी ती मनाई उठली. २०२० च्या मे महिन्यात ओला व सुका कचरा वेगळा दिल्याशिवाय उचलावयाचा नाही, अशी मोहीम सुरू झाली आणि २०२१ मध्ये आधारवाडीवर कचरा टाकणे थांबले. कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्यांनी जे साधले नाही ते बऱ्याच अंशी प्रत्येक घरच्या दोन डब्यांनी साधले, ही माझ्या धंद्याला कमीपणा आणणारी गोष्ट असली तरी कबूल करतो.

कचरा वेगळा करणे हे शिस्तीचे काम आहे, असे महापालिकेचे फलक सांगतात. माझ्या मते ते समतेचे काम आहे. आपण डबा एकत्र दिला, तर तो वेगळा कोणीतरी करतोच. फरक इतकाच की, तो उघड्या हाताने, नासक्या अन्नात व फुटक्या काचेत हात घालून करतो. आणि तो कोण असतो हे मी येथे सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या नियमांनी ही जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. एका जुन्या पिंपाला भोके पाडून, तळाशी सुका पाला पसरून, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पुन्हा पाला टाकीत गेल्यास दीड-दोन महिन्यांत खत होते. वास येऊ लागला तर ओल अधिक झाली असे समजावे व पाला वाढवावा. चाळीच्या कोपऱ्यात चार घरांमिळून एक पिंप पुरते.

या बाबतीत आपल्या धम्माच्या इतिहासातील एक प्रसंग मला फार आवडतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात तो आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय दुकान थाटणार? त्याने आनंदांना जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जीर्ण झालेल्यांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बिछायत. तिचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकावयाची फडकी. आणि फडकी फाटल्यावर ती कुटून, चिखलात मिसळून, भुई लिंपू. राजा संतुष्ट झाला व त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. राजाने एका भिक्खूकडे हिशेब मागितला आणि भिक्खूने तो न रागावता शेवटच्या चिंधीपर्यंत दिला, हे लक्षात घ्यावे. लोकांचे दान घेणाऱ्या आपल्या संस्थांनीही तो लक्षात घ्यावा, असे जाता जाता म्हणतो.

सुक्या कचऱ्याला बाजारात मोल आहे. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांनी १९९३ साली आपली कष्टकरी पंचायत स्थापिली. त्यांत स्त्रिया बहुसंख्य, आणि पुष्कळजणी आपल्याच समाजातील. पुढे २००८ साली त्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. महापालिकेशी तिने करार केला आणि दारोदारचा कचरा या स्त्रिया सभासद म्हणून, मोबदला घेऊन उचलू लागल्या. काम तेच; परंतु कालपर्यंत ज्यांना उकिरड्यावरून हाकलले जात होते त्यांच्या हाती ओळखपत्र आले, आणि करारावर सही करणारी संस्था त्यांची स्वतःची झाली. आता कोणी म्हणेल, आपल्या मुलाबाळांना पुन्हा कचऱ्याच्याच धंद्यात घालावयाचे काय? मुळीच नाही. मुलांनी शिकावे व दुसऱ्या धंद्यात जावे. पण जी माता आज हे काम करीतच आहे, तिने ते निराधार म्हणून करावे की भागधारक म्हणून, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, तो घरी जाऊन आपण करून पाहावा. आपल्या भागात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दोनशे चौरस फुटांच्या छपरावर वर्षभरात सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ३७ हजार लिटर उरते. पन्नास घरांच्या चाळीचे साडेअठरा लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर १८५ टँकर पाणी दरवर्षी आपल्याच पन्हाळीतून गटारात जाते, आणि एप्रिलमध्ये तेच पाणी आपण पैसे मोजून विकत घेतो. सगळे साठविणे शक्य नाही, हे मान्य. पण पहिल्या सरींचे मळके पाणी वाहू देऊन नंतरचे पिंपात धरले, तर पावसाळाभर धुण्याभांड्यांची सोय होते. आणि उरलेले वाळू-खडीच्या शोषखड्ड्यातून जमिनीत सोडले, तर कूपनलिकेला आधार मिळतो. ते पिण्यास मात्र वापरू नये.

येथे मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. आपण पाणी अडविले म्हणून महापालिकेवरील आपला हक्क कमी होत नाही. महाडचा इतिहास आठवा. त्या काळी पुष्कळ सज्जन म्हणत, अस्पृश्यांना स्वतंत्र विहिरी बांधून द्या, म्हणजे भांडण मिटेल. तेही एक प्रकारचे स्वावलंबनच होते! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते पाण्याची दुसरी सोय नव्हती म्हणून गेले नाहीत. सार्वजनिक ते सर्वांचे, हे सिद्ध करण्यासाठी गेले. १९२३ चा कौन्सिलाचा ठराव होता, नगरपालिकेचाही ठराव होता. तरी पाय उचलेपर्यंत तो कागद राहिला. त्यानंतरचा दावा सुमारे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल लागला, तो तळे नगरपालिकेचे आहे आणि बंदीची अनादि रूढी सिद्ध झाली नाही, या मुद्द्यांवर. आजच्या काळातही, १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी अनधिकृत असली तरी तीत राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून शोषखड्डा खणतानाच नळजोडणीचा अर्जही द्या. "तुमच्याकडे पाणी आहे, तुम्हाला नळ कशाला?" असे एखाद्या कारकुनाने विचारल्यास, ते उत्तर लेखी द्या, एवढेच म्हणा.

लेखी हा शब्द मी मुद्दाम वापरला. काही वर्षांपूर्वी एका चाळीतील मंडळी माझ्या कार्यालयात आली. त्यांनी वर्गणी काढून कूपनलिका खणली होती. पंप बसविला, टाकी बांधली, वाटपाच्या वेळा ठरविल्या. भांडण नाही, तंटा नाही, अगदी आदर्श म्हणावे असे काम. विजेचा मीटर मात्र ज्याच्या दारात पंप होता त्याच्या एकट्याच्या नावावर. विश्वासाचा माणूस होता, आणि होताही खरोखर. तो वारला. मुलाने खोली विकली, घेणाऱ्याने पंपाला कुलूप लावले. त्या मंडळींनी माझ्यापुढे प्लॅस्टिकच्या पिशवीतून वर्गणीच्या चिठ्ठ्या ओतल्या. काहींवर नुसताच आकडा, काहींवर नुसतेच नाव. संस्था नोंदलेली नाही, ठराव नाही, बँकेत खाते नाही. दावा कोणी दाखल करावयाचा? सर्वांचे ते कोणाचेच नव्हते, असे कायद्याच्या भाषेत म्हणावे लागले. मला पुष्कळ खटपट करूनही त्यांना कूपनलिका परत मिळवून देता आली नाही. एक म्हातारी बाई जाताना म्हणाली, "साहेब, आम्ही पाणी काढलं, कागद काढायचं राहिलं." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

कागद काढणे फारसे अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसांनी मंडळ नोंदविता येते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली निरनिराळ्या कुटुंबांतील दहा माणसे पुरतात. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था काढण्याचा हक्क मूलभूत हक्कांत आला आहे. दहा-वीस भगिनींचा बचत गट तर याहून सोपा, आणि माझा अनुभव असा की, ज्या वस्तीत वही स्त्रियांच्या हाती असते तेथे वर्गणी बुडत नाही. पुरुष मंडळींनी रागावू नये. पाण्यासाठी रांगेत कोण उभे राहते, त्याच्या हाती पाण्याचे खाते असावे, हे न्यायाला धरूनच आहे.

आणखी एक सावधगिरी. मंडळ केवळ आपल्या समाजापुरते काढू नका. त्याच चाळीत कोळी आहे, आगरी आहे, उत्तर प्रदेशातून आलेला रिक्षावाला आहे, मुसलमान शिंपी आहे. पाणी छपरावर पडते तेव्हा ते कोणाचे छप्पर आहे हे पाहत नाही. ज्यांना एके काळी पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांनी काढलेल्या पाणवठ्यावर कोणाला मज्जाव असता कामा नये. नियमावलीत तसे पहिल्या कलमात लिहा.

मी आज येताना माझ्याबरोबर नोंदणीच्या अर्जांचे नमुने व एक कोरी ठराव-वही आणली आहे. सभा संपल्यावर मी विहाराच्या ओसरीवर बसेन. ज्या वस्तीतील सात माणसे येथे हजर आहेत त्यांनी एकत्र यावे. आधार कार्ड आणि राहण्याचा पुरावा ज्यांच्याजवळ असेल त्यांची नावे आजच लिहून घेऊ. मृग नक्षत्राला अद्याप सहा आठवडे आहेत. पन्हाळी लावावयास तेवढे पुरतात.